ग्रूट कॉन्स्टान्शियाचे घर

केप टाउन

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

येथे आल्यापासून तुला लिहीन लिहीन म्हणत होतो. पण काल ज्या घरात सबंध दिवस काढला, ते पाहिल्यावर मात्र पत्र लांबणीवर टाकणे मला शक्य झाले नाही. कोकणातली जुनी घरे दुरुस्त करताना शिंपल्यांच्या चुन्यासाठी तू किती वणवण करतोस, हे मी पाहिले आहे. केपमध्ये, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या या जुन्या डच वसाहतीतही, त्या काळी समुद्राचे शिंपले भाजूनच चुना काढीत असत. ग्रूट कॉन्स्टान्शिया या जुन्या द्राक्षमळ्यावरच्या घराच्या जाड, पांढऱ्याशुभ्र भिंतीसमोर उभा राहिलो तेव्हा तुझीच आठवण प्रथम झाली.

या घराचे नाव निघाले की सायमन व्हान डर स्टेलचे नाव निघतेच. डच ईस्ट इंडिया कंपनीने 1679 मध्ये त्याला केपचा मुख्य अधिकारी नेमले आणि 1685 मध्ये ही जमीन त्याला मिळाली. तेथे त्याने द्राक्षमळा लावला, घर बांधले आणि 1712 मध्ये तेथेच देह ठेवला. परंतु आज आपण पाहतो ते रूप त्याच्या घराचे नव्हे. त्याच्या मृत्यूनंतर जमिनीची वाटणी झाली, मालक बदलत गेले, आणि 1778 मध्ये हेंड्रिक क्लूटने हा मळा विकत घेऊन घराला आजचे रूप दिले. सारे श्रेय संस्थापकाच्या पदरात टाकण्याची जी सवय आपल्याकडे वाड्यांच्या बाबतीत आहे, तीच येथेही दिसते. माझ्या मते हे घर वास्तू म्हणून क्लूटचेच मानले पाहिजे.

आता रचनेविषयी लिहितो, कारण तू तेच विचारशील. मधोमध दरवाजा, दोन्ही बाजूंना लहान तावदानांच्या सारख्या खिडक्या, पुढे लांबलचक ओटा आणि वर गवताने शाकारलेले उतरते छप्पर. ओट्याला येथे ‘स्टूप’ म्हणतात. पण त्यावर बसून समोरच्या मळ्यांपलीकडे फॉल्स बे या उपसागराचे पाणी न्याहाळताना मला ‘ओटा’ याखेरीज दुसरा शब्द सुचेना. दरवाजाच्या बरोबर वर दर्शनी भिंत छपराला भेदून उंच चढते आणि तिच्या कडा लाटेसारख्या वळत माथ्याकडे जातात. हा गेबल म्हणजे या ‘केप डच’ घरांची ओळखच. तो नुसता डौलासाठी नाही, असे सांगतात: छपराच्या गवताने पेट घेतला तर जळते पेंढे दारातून बाहेर पडणाऱ्यांच्या अंगावर कोसळू नयेत, ही सोयही त्यात आहे. खोल्यांची रुंदी तुळयांच्या लांबीने ठरत असे, म्हणून ही घरे रुंद होण्याऐवजी काटकोनात फांद्या फोडत वाढली. आपला वाडा चौकाभोवती आत वळतो, तर हे घर सगळे ऐश्वर्य रस्त्याकडे तोंड करून मांडते.

आगीची भीती खोटी नव्हती. 1925 च्या डिसेंबरात छप्पर व लाकूडकाम जळून गेले. भिंती मात्र टिकल्या. वास्तुविशारद फ्रँकलिन केंडल यांनी त्यानंतर घर पुन्हा उभे केले.

घरामागे 1791 मध्ये बांधलेले मद्याचे कोठार आहे, आणि खरे सांगायचे तर मी सर्वांत जास्त वेळ तेथेच रेंगाळलो. दर्शनी भागाच्या त्रिकोणात गिलाव्यातून उठवलेले शिल्प आहे: ग्रीक पुराणातला देवराज झ्यूस गरुडाच्या रूपात देवांचा मद्यवाहक म्हणून उचलून नेतो तो गॅनिमीड आणि भोवती खेळणारी गुबगुबीत बाळे. हे काम अँटन अन्राइथ या जर्मन शिल्पकाराचे. साध्या, लांबट कोठारावर असा उत्सव कोरण्याची हौस क्लूटला परवडत होती, कारण वेलीवरच सुकत ठेवलेल्या मस्कत जातीच्या द्राक्षांची त्याची गोड वाइन युरोपच्या दरबारांत मागितली जात असे. सेंट हेलेना बेटावरच्या कैदेत नेपोलियनलाही ती पोचत असे. पुढे क्लूट घराण्याला उतरती कळा लागली आणि 1885 मध्ये केप सरकारने हा मळा विकत घेतला.

एका गोष्टीने मात्र मी रात्रभर अस्वस्थ होतो. ही द्राक्षे खुडली, वाहिली आणि तुडवली ती गुलामांनी; मादागास्कर, जावा, सिलोन आणि आपल्या मलबार, कोरोमंडल, बंगालच्या किनाऱ्यांवरून आणलेल्या माणसांनी. बहुतेकांचे खरे नाव पुसले गेले आणि आणलेल्या प्रदेशाचे नावच त्यांच्या नावामागे चिकटले. आणि स्वतः व्हान डर स्टेल? त्याची आई मारिया लीव्हन्स ही एका डच कप्तानाची व ‘गोव्याच्या किनाऱ्यावरची मोनिका’ या मुक्त झालेल्या गुलाम स्त्रीची मुलगी होती. म्हणजे या मळ्याच्या पहिल्या धन्याची आजी आपल्याच किनाऱ्यावरची, आणि तिच्या नातवाच्या राज्यात त्याच समुद्रातून गुलाम येतच राहिले. तू गोव्यात हिंडतोस. त्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांविषयी जुन्या चर्चच्या कागदांत काही सापडते का, तेवढे पाहशील का?

पावलांनी मोजून काढलेला घराचा कच्चा आराखडा सोबत जोडला आहे. मापे चुकली असतील तर तू नेहमीप्रमाणे तांबड्या शाईने दुरुस्त कर. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच मित्र