टाचेतला एक थेंब: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

परवा सभागृहात तुम्ही म्हणालात, "जनुकीय आजारांपुढे कुणाचं काही चालत नाही, तो नशिबाचा भाग असतो." साडेचार वर्षांपूर्वी त्याच सभागृहात तुम्हीच शब्द दिला होतात, की प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी होईल. ती सुरूच झाली नाही. तुमच्या त्या भाषणानंतर पाच महिन्यांनी माझा मुलगा जन्मला.

त्याला फेनिलकीटोन्युरिया आहे. प्रथिनांतल्या फेनिलअलॅनिन या घटकाचं टायरोसिन या दुसऱ्या घटकात रूपांतर करणारं विकर (एन्झाइम) त्याच्या यकृतात नीट तयार होत नाही, कारण बाराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत. एक माझ्याकडून आली, एक त्याच्या बाबांकडून. आमची प्रत्येकाची दुसरी प्रत चांगली असल्याने आम्ही दोघं ठणठणीत आहोत, त्यामुळे आम्हाला कळायचा काही मार्गच नव्हता. फेनिलअलॅनिन रक्तात साचत जातं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. आईच्या दुधातही ते असतं. रात्री-अपरात्री उठून मी त्याला पाजत होते, साहेब.

तिसऱ्या महिन्यापासून त्याच्या लंगोटाला उंदराच्या बिळासारखा कुबट वास यायचा. मी दवाखान्यात दोनदा सांगितलं. "लंगोट नीट धूत जा," एवढंच उत्तर मिळालं. निदान झालं तेव्हा तो सव्वीस महिन्यांचा होता. आज तो चार वर्षांचा आहे, बोलत नाही. घाबरला की उजवं मनगट चावतो, तिथे नखाएवढा कडक घट्टा पडलाय. आंघोळ घालताना माझा हात तिथेच अडतो. याला तुम्ही नशीब म्हणालात.

१९३४ साली नॉर्वेत एक आई अशाच वासाची तक्रार घेऊन डॉक्टर आस्ब्यर्न फोलिंग यांच्याकडे गेली होती. त्यांनी तिचं ऐकून घेतलं, तिच्या दोन्ही मुलांचं मूत्र तपासलं आणि आजार सापडला. १९५३ मध्ये हॉर्स्ट बिकेल यांनी कमी फेनिलअलॅनिनच्या आहाराने एका मुलीत सुधारणा होते हे दाखवलं. १९६३ मध्ये रॉबर्ट गथ्री यांची गाळणकागदावरच्या वाळलेल्या थेंबाची चाचणी प्रसिद्ध झाली. साठ वर्षं उलटून गेली! पहिल्या काही दिवसांत आहार सुरू झाला की हेच बिघडलेलं जनुक घेऊन मूल शाळेत जातं, शिकतं, संसार करतं. जनुक तेच राहतं, बदलतो तो आहार आणि त्याने मेंदू वाचतो. जगात या आजाराचे साडेचार लाख लोक असावेत असा अंदाज आहे. त्यांतल्या कितींच्या टाचेला सुई लागली?

आणि २०२५ मध्ये फिलाडेल्फियात चयापचयाच्या एका दुर्मीळ आजाराच्या तान्ह्या बाळासाठी, फक्त त्याच्यासाठी, जनुक-संपादनाचं औषध सहा महिन्यांत तयार करून दिलं गेलं. अशा बातम्यांवर तुमची भाषणं होतात. इथे मात्र एका थेंबाची फाइल 'निधी उपलब्ध नाही' या शेऱ्याखाली टेबलावर पडून आहे.

फक्त तुमच्यावरच राग आहे असं नाही. मूल हट्टी असलं, मागे पडलं, कुणी वेडसर वागलं की "रक्तातच आहे" म्हणून मोकळं व्हायची सवय कार्यालयांपासून घरांपर्यंत सगळ्यांना लागली आहे. माझ्या सासरी माहेरची खोट काढून झाली, माहेरी सासरची. २०२२ साली स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराशी निगडित जनुकसंचातल्या २८७ जागा जाहीर झाल्या, प्रत्येकीचा वाटा अगदी किंचित. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला तो आजार झाला तर दुसऱ्याला होतोच असं नाही, निम्म्या किंवा त्याहून जास्त जोड्यांत होत नाही. रक्तात सगळं ठरलेलं असतं तर असं झालं असतं का? पण "रक्तात आहे" म्हटलं की कुणालाच काही करावं लागत नाही. कुणाची चौकशी नाही, कुणाची बदली नाही, आणि जन्मभर उत्तरं देत बसायचं ते आईने.

मला माझ्या मुलासाठी भरपाई नको. तपासणी कोणत्या तारखेपासून सुरू होणार ते लेखी कळवा. ज्या बाळांचं निदान होईल त्यांना विशेष आहार अखंड मिळेल हेही त्याच पत्रात लिहा. आणि "नशीब" हा शब्द सभागृहाच्या कामकाजातून मागे घ्या.

गेल्या महिन्यात मला मुलगी झाली. तिलाही हाच आजार असण्याची चारात एक शक्यता होती. तिसऱ्या दिवशी मी हट्टाने, स्वखर्चाने तिची टाच टोचून घेतली. ती किंचाळली, कागदावर लाल ठिपका उमटला, आठवड्याने अहवाल आला: ती निरोगी आहे. त्या दिवशी त्याच कक्षात आणखी अकरा बाळं होती. कुणाचीच टाच टोचली नाही.

आपली,
एक आई