मनी प्लांटची बाटली झाका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात मनी प्लांट, पुदिना, कोलियस यांच्या फांद्या पाण्यात ठेवून मुळं फोडण्याचा उद्योग घरोघरी चालतो. बाटली आतून हिरवी व्हायला लागली की हमखास सल्ले मिळतात: तुरटी फिरवा, मोरचूदाचा खडा टाका. दोन्ही टाळावेत. मोरचूदातलं तांबं शेवाळ मारतं हे खरं, पण कोवळ्या मुळांची टोकंही खुरटवतं. कुंडीत मुळांचं वेटोळं होऊ नये म्हणून कुंडीला आतून तांब्याच्या संयुगाचा थर देतात, तो याच गुणामुळे. तुरटीने पाणी आम्लधर्मी होतं आणि तिच्यातलं अ‍ॅल्युमिनियम मुळांची वाढ रोखतं.

शेवाळाला मुख्यतः उजेड लागतो, तोच तोडावा. बाटलीला पाण्याच्या पातळीच्या वरपर्यंत काळा कागद गुंडाळावा आणि त्यावर पांढरा. नुसता काळा असेल तर बाटली तापते आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. वेष्टन चिकटवून टाकू नये, मुळं बघायला सरकवता आलं पाहिजे. चिनी मातीचा जुना मग असेल तर एवढाही खटाटोप नको. तपकिरी बाटलीत शेवाळ उशिरा येतं, येतच नाही असं नाही. हिरव्या बाटलीचा मात्र फारसा उपयोग नाही. अंधार मुळांनाही मानवतो. पानं उजेडातच हवीत, पण थेट उन्हात नकोत.

फांदी पेराच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, खाली अर्धा-एक सेंटिमीटर सोडून धारदार कात्रीने कापावी. एक-दोन पेरं पाण्यात राहतील इतकंच, म्हणजे साधारण पाच-सात सेंटिमीटर पाणी पुरे. पाण्यात बुडणारी पानं आधीच काढून टाकावीत. ती कुजतात आणि शेवाळाला आयतं खत मिळतं. याच कारणाने मुळं फुटेपर्यंत पाण्यात खत घालायचं नाही. लोक हौसेने घालतात आणि मग पाणी हिरवं का झालं म्हणून विचारतात.

पाणी तीन-चार दिवसांनी पूर्ण बदलावं. वरून भर घातली तर जुनं पाणी आणि त्यातली घाण आतच राहते. शेवाळ धरलंच तर फांदी काढून मुळं वाहत्या पाण्याखाली बोटांनी हलकेच धुवावीत. बाटलीत एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी दहा मिनिटं ठेवून, ब्रशने घासून, तीन-चारदा खळबळून घ्यावी. ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नये, विषारी वायू सुटतो.

पाणी हिरवं न होता दुधाळ झालं आणि वास मारू लागला तर ते शेवाळ नव्हे, फांदी सडते आहे. तिथे बाटली झाकून भागत नाही. मऊ पडलेला भाग कापून, वरच्या टणक पेरापासून नव्या पाण्यात पुन्हा सुरुवात करावी. जास्वंदीत हे वारंवार होतं. तिच्या काड्या सरळ ओलसर वाळूत लावलेल्या बऱ्या.

एक मुद्दा बागेपलीकडचा. डेंग्यूचा एडिस डास अशाच घरातल्या साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या रेषेवर काचेला चिकटलेली असतात, सुकली तरी महिनोन् महिने टिकतात. म्हणून पाणी ओतून देणं पुरेसं नाही, बाटलीची आतली बाजू आठवड्यातून एकदा तरी घासली पाहिजे. तोंडाशी फांदीभोवती मच्छरदाणीचा तुकडा रबराने बांधला तर डासाची वाट बंद होते.

मुळं तीन ते पाच सेंटिमीटर झाली की फांदी मातीत लावावी. फार लांबलेली पाण्यातली मुळं मातीत रुळायला वेळ घेतात, म्हणून पहिला आठवडाभर माती ओलसर ठेवावी.

आपला,
एक वाचक, ठाणे