क्लचच्या आवाजासाठी गिअरबॉक्स उतरवण्याआधी

महोदय,

क्लचकडून आवाज येतो म्हटले की ‘क्लच प्लेट गेली’ असे सांगून गिअरबॉक्स उतरवायला घेतला जातो. हे थांबायला हवे. प्लेट नुसती झिजली की बहुधा आवाज येत नाही, क्लच स्लिप होतो. इंजिन रेस होते, पण गाडी ओढत नाही. आवाज बहुतेकदा बेअरिंगचा असतो आणि कोणते बेअरिंग, हे पाच मिनिटांत गाडीमालकालाही कळू शकते.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, एसी बंद ठेवा आणि इंजिन न्यूट्रलमध्ये चालू राहू द्या. आता क्लचचे पेडल अगदी सावकाश दाबा. पायाला भार जाणवताच घरघर सुरू झाली आणि दाबाबरोबर वाढत गेली, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग, गेले आहे. उलट, पेडल सोडलेले असताना घरघर आणि पूर्ण दाबल्यावर शांत, असे असेल तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेले असताना हा शाफ्ट इंजिनबरोबर फिरत असतो; पेडल दाबले की थांबतो. अशा गाडीत नवा क्लच सेट टाकला तरी आवाज तसाच राहतो आणि सगळा खर्च वाया जातो. घरघर नसून खडखड असेल आणि इंजिन बंद करताना ती वाढत असेल, तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे धक्के शोषणारे, आत स्प्रिंग असलेले दुहेरी चाक) असलेल्या गाडीत ते तपासायला सांगा. इंजिन बंद असतानाही पेडल करकरत असेल तर आधी पेडलचे बुश पाहा. ते काम गिअरबॉक्सला हात न लावता होते.

गिअरबॉक्स उतरवायचाच झाला, तर क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदलावे. मजुरी उतरवण्या-चढवण्याची असते, एकेका भागाची नव्हे. क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलला गळती असेल तर तेही तेव्हाच बदला, नाहीतर नव्या प्लेटवर तेल जाऊन गाडी जागेवरून निघताना थरथरेल. रिलीज बेअरिंग पेट्रोलने किंवा रॉकेलने कधीही धुऊ नये. आतले ग्रीस निघून जाते आणि नवे बेअरिंगही थोड्याच दिवसांत ओरडू लागते. इनपुट शाफ्टच्या खाचांना ग्रीसचा अगदी पातळ हात पुरे. जास्त लावले तर ते फेकले जाऊन प्लेटवर बसते. रिलीज बेअरिंगला ढकलणारा फोर्क जिथे टेकतो तिथे मात्र उष्णता सोसणारे ग्रीस हवेच, किंचाळण्याचा आवाज पुष्कळदा तिथूनच येतो. प्लेट अलाइनमेंट टूलने मधोमध धरून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत कसावेत. चढवताना गिअरबॉक्सचे वजन शाफ्टवर लोंबकळू देऊ नये, प्लेटचा हब वाकतो.

केबलच्या क्लचमध्ये पेडलचा फ्री प्ले, म्हणजे भार जाणवण्याआधीची मोकळी हालचाल, साधारण 10 ते 25 मिमी असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. काम झाल्यावर तो समोर मोजून घ्या. फ्री प्ले उरलाच नसेल तर बेअरिंग सतत दाबाखाली फिरत राहते. गाडी चालवताना पेडलवर पाय टेकवून ठेवला तरी हेच होते.

आपला,
एक मोटार मेकॅनिक