लाइन बंद करून देणाऱ्या वायरमन दादांना

दादा, नमस्कार.

नाशिकरोडच्या गल्लीतला तो जुना गुलमोहर आम्ही कापून उतरवला, आणि शाबासकी मिळाली गाडीच्या उचलत्या पाळण्यात उभं राहून करवत चालवणाऱ्याला. करवतीचा आवाज होतो, भुसा उडतो, बघे मोबाइल वर धरतात. कोपऱ्यावरच्या खांबाखाली परमिटची, म्हणजे लाइन बंद करून कामाची लेखी परवानगी देण्याची, वही घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे कोणी बघत नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहोत.

आधी झाडाची गोष्ट. गुलमोहराचं लाकूड मुळातच ठिसूळ, त्यात याच्या बुंध्याला भूछत्रं आलेली. हातोडी मारली की भरीव लाकडाचा ठणका नाही, पोकळ बद्द आवाज. असं झाड पडायच्या बाजूला खाच घेऊन आडवं पाडता येत नाही. खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये न कापलेली पट्टी ठेवतात, साधारण बुंध्याच्या व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी. तीच बिजागरीचं काम करते आणि झाडाला दिशा देते. पोकळ बुंध्यात ती तुटते आणि झाड मनाला येईल तिकडे जातं. इथे एका बाजूला 11 केव्हीच्या, म्हणजे 11 हजार व्होल्टच्या, तीन उघड्या तारा होत्या. तेव्हा शेंड्याकडून तुकडे करत खाली येणं हाच मार्ग. ओलं लाकूड जवळपास पाण्याइतकंच जड असतं. 60 सेंटिमीटर जाडीचा, 1 मीटर लांबीचा ओंडका पाव टनाच्या पुढे जातो. तो दोराला हिसका देऊन थांबला तर ताण वजनाच्या कितीतरी पट होतो, आणि पोकळ बुंधा तो झेलू शकत नाही. म्हणून तुकडे लहान, दोर सरकता, आणि माणूस झाडाला नव्हे, पाळण्याला बांधलेला.

पण पाळण्याचा हात लोखंडी. तो चालू तारेला टेकला तर सगळ्या गाडीत तारेइतकाच विजेचा दाब येतो आणि खाली उतरायला जाणारा चालक मरतो, कारण त्याचा एक पाय जमिनीवर आणि हात गाडीवर असतो. चालू लाइनपासून आम्ही 3 मीटर अंतर सोडतो. इथे फांद्या तारांच्या मधूनच गेल्या होत्या, अंतर सोडायला जागाच नव्हती. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हातात असली तरी ती झाड तोडण्याची असते. तारेजवळ जाण्याची परवानगी फक्त तुमच्या वहीतून मिळते.

उपकेंद्रातून लाइन क्लिअर, म्हणजे लाइन बंद केल्याचा निरोप, आल्यावर तुम्ही लगेच ‘घ्या कामाला’ म्हणाला नाहीत, हे आमच्या लेखी सगळ्यात मोठं. एबी स्विचचा, म्हणजे खांबावरून लाइन तोडणाऱ्या स्विचचा, दांडा खाली आला म्हणजे तिन्ही पाती उघडली असं नसतं. गंजलेलं एखादं पातं चिकटून राहतं आणि एक फेज, म्हणजे तीनपैकी एक तार, चालू राहतो. तुम्ही मान वर करून तिन्ही पाती एकेक करून बघितली. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासला, मग बंद लाइनला लावला, नाहीतर बिघडलेला टेस्टरही ‘लाइन बंद’ असंच सांगतो. मग डिस्चार्ज रॉड, म्हणजे तार जमिनीला जोडणारा दांडा, आणि एका नव्हे, कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना. आधी अर्थिंगचं टोक जमिनीत पक्कं, नंतर रॉड तारेला. काढताना बरोबर उलटं. हा क्रम चुकला तर तारेत राहिलेली वीज रॉड धरणाऱ्याच्या अंगातून वाट काढते.

त्यानंतर तुम्ही शेजारच्या सोसायटीत जाऊन जनरेटरचा चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा, पाहून आलात. तो नीट नसेल तर जनरेटरची वीज डीपीतून, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून, उलटी चढते आणि बंद 11 केव्ही लाइनवर पुन्हा दाब येतो. दोन्ही बाजूंचं अर्थिंग असतं ते यासाठीच.

आणि ती पथदिव्यांची तार! त्याच खांबांवर खालून गेलेली, पण दुसऱ्या डीपीवरची. दिवसा टेस्टर लावा, मेलेलीच दिसते. संध्याकाळी टायमर लागला की जिवंत. काम अंधार पडेपर्यंत लांबणार हे दिसताच तुम्ही तिचा फ्यूज काढून खिशात ठेवलात. वरची मोठी लाइन बंद आहे म्हणून निर्धास्त झालेली माणसं या खालच्या तारेने मरतात. झाडं उतरवणाऱ्या प्रत्येक टोळीने हा एक प्रश्न वायरमनला विचारलाच पाहिजे: या खांबावर आणखी कुठून वीज येते?

तारेवर रेललेल्या फांदीच्या वेळीही तुमचा शब्द मोलाचा ठरला. अशी फांदी मुळाशी कापली की तिचा सगळा भार तारेवर येतो आणि मग ती घसरली की दाबलेली तार उसळून दुसऱ्या तारेला गुंडाळते. टोकाकडून हातभर तुकडे काढत भार कमी करायला तुम्ही लावलंत. वेळ गेला, पण एकही इन्सुलेटर फुटला नाही.

परमिट परत केल्यावर एक फांदी राहिल्याचं कुणीतरी दाखवलं. ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणून गळ घालणारे पुष्कळ होते. वीज अजून सोडली नव्हती, तरी तुम्ही नाही म्हणालात. वही परत गेली की लाइन चालू धरायची, यात सवलत नसते. ती फांदी पुढच्या परमिटवर निघाली.

बुंधा आम्ही गुडघाभर ठेवला आहे. खांबाला लागून असल्याने मुळं उपसली असती तर पायाची माती सुटून खांब कलला असता, हेही तुमचंच सांगणं. पावसात त्याला धुमारे फुटतील. ते कोयत्याने छाटायला आम्ही येऊ, तेव्हा तुम्हाला बोलवावं लागणार नाही. चहाला मात्र या.

आपले,
झाडं उतरवणारी मंडळी