केसपेपरच्या खिडकीत बसताना

प्रिय बाळा,

सोमवारपासून तू ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीत बसणार. नोंदणीचं काम तिथले लोक दोन दिवसांत शिकवतील. बोलायचं कसं ते कुणी शिकवत नाही, म्हणून हे पत्र.

शिवी तू देणार नाहीस, ते मला माहीत आहे. खिडकीत माणूस दुखावतो तो साध्या शब्दांनी. समोर धोतर-टोपी दिसली की तोंडून "ए बाबा, नाव सांग" निघतं, आणि मागे इस्त्रीचा शर्ट आला की "नाव सांगा साहेब". रांगेतल्या सगळ्यांना हा फरक ऐकू येतो. म्हणून सरसकट अहो-जाहो कर, अगदी 18 वर्षांच्या पोरालाही. घरी आपण आजीला 'तू' म्हणतो, त्यात माया असते. खिडकीतून आलेल्या 'तू'त ती नसते. पन्नाशीच्या बाईला 'आजी' म्हणू नकोस. आधार कार्डावर नाव असतंच. "शेवंता कोण?" ऐवजी "शेवंताबाई कोण आहेत?" एवढं पुरतं.

कपाळ बघून "मिस्टर नाहीत का?" विचारायचं नाही. "पूर्ण नाव सांगा" म्हटलं की हवं ते मिळतं. 2023 साली 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' लिहावं असा विचार राज्याच्या एका मंत्र्यांनी मांडला, तेव्हा केवढी टीका झाली. शब्द गोड केला तरी चिकटवलेली चिठ्ठी चिठ्ठीच राहते. 'दिव्यांग' शब्दही सगळ्यांना आवडतो असं नाही. फॉर्मवर आहे तिथे लिही. तोंडाने मात्र "बसून घ्या, कागद मी तिकडे आणून देतो" म्हण.

आजाराचं सगळ्यांत जपून. काचेमुळे दोन्हीकडून ओरडावं लागतं. कुष्ठरोगाच्या माणसाला "महारोगाचं ना? तिकडे जा" असं ओरडलं की ते गावभर होतं. खरं तर औषध 6 किंवा 12 महिने नीट घेतलं की हा आजार बरा होतो. पण 2019 पर्यंत आपल्या कायद्यातच तो घटस्फोटाचं कारण होता, त्यामुळे भीती अजून घराघरांत आहे. एचआयव्हीबद्दल तर 2017 चा कायदाच आहे, संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही. तेव्हा विभागाचं नाव घ्यायचंच नाही. चिठ्ठीवर खोलीचा नंबर लिहून दे आणि म्हण, "7 नंबरला जा."

आणि तो वाक्याच्या शेवटचा 'ना'. "आधार आणा म्हटलं होतं ना?" यात प्रश्न नसतो, चापट असते. "मघाशीच सांगितलं", "कळत नाही का" ही त्याचीच भावंडं. त्यापेक्षा "आधार लागेल. नंबर पाठ आहे का?" असं विचारलं तर काम पुढे सरकतं. दुपारी बाराच्या पुढे, घसा सुकला आणि भूक लागली की हे 'ना' आपोआप सुटायला लागतात. पाण्याची बाटली हाताशी ठेव.

तरीही चुकशीलच. तेव्हा "चुकलं माझं, माफ करा" एवढंच, आणि लगेच पुढचं काम. "तसं म्हणायचं नव्हतं हो, तुम्हीच मनाला लावून घेतलंत" असं लांबण लावलंस, तर दोष पुन्हा त्या माणसावर जातो आणि रांगही खोळंबते.

डबा वेळेवर खा.

तुझी,
आई