पंचनाम्यात भाडेकरूचा आणि वाटेकऱ्याचा रकाना कुठाय?

संपादक साहेब, नमस्कार.

मी शिरोळ तालुक्यातला. कृष्णा आणि पंचगंगा नृसिंहवाडीला एकत्र येतात त्या भागातला, त्यामुळं जून उजाडला की आमच्याकडं सगळ्यांच्या मोबाईलवर कोल्हापुरातल्या राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी फिरायला लागते, 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे लहान पोरालाही पाठ आहे. कोल्हापुरात पाणी उतरायला लागलं तरी आमच्याकडं लगेच उतरत नाही, दोन्ही नद्यांचं पाणी इथं येतं, जमीन सपाट, पुढं जायला उतार नाही, मग पाणी शेतात आणि घरात नुसतं बसून राहतं. तुमच्या पेपरात दरवर्षी कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पातळीवर बातम्या येतात, नेत्यांची वक्तव्यं येतात, 2019 च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीनं काय म्हटलं होतं तेही येतं. ती चर्चा व्हायलाच पाहिजे. पण पाणी गेल्यावर मदत नक्की कुणाच्या हातात पडते यावर फार कमी छापून येतं, म्हणून हे पत्र.

2019 चा ऑगस्ट आठवा. पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद, तिकडं सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. तेव्हा सरकारनं घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांना ग्रामीण भागात 10 हजार आणि शहरात 15 हजार जाहीर केले. आणि माणसं तर अशी धावली की बस, पार मुंबई-पुण्यातून, विदर्भातून ट्रक आले, पाणी, बिस्किटं, चादरी, जनावरांना वैरण. त्या लोकांचे उपकार आम्ही विसरणार नाही. 2021 च्या जुलैमध्ये परत तेच, तेव्हा तर आमच्याबरोबर चिपळूण, महाड पण बुडालं, तळीयेला डोंगर कोसळला.

पण दोन्ही वेळेला पाणी उतरल्यावर जे झालं ते बघवत नव्हतं. पंचनाम्याला माणूस येतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, घर कुणाच्या नावावर? शेताला गेला तर, सातबारा कुणाचा? आता विचार करा, नदीकाठच्या सखल गल्लीत राहतंय कोण. ज्याची ऐपत झाली तो गेला वरच्या भागात बंगला बांधून, खालचं जुनं घर त्यानं भाड्यानं दिलेलं असतं. त्या घरात राहणारा कुणी गवंड्याच्या हाताखाली काम करतो, कुणी भाजीचा गाडा लावतो, कुणी बाई चार घरची धुणीभांडी करते. इचलकरंजीकडं गेलात तर यंत्रमागावर काम करणारी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, कर्नाटकातून आलेली माणसं एकेका खोलीत चार-पाच जण राहतात. पाण्यात गेलेली गादी त्यांची, सडलेलं धान्य त्यांचं, पोरांची दप्तरं-पुस्तकं त्यांची, शिलाई मशीन त्यांचं. घरमालकाच्या भिंतीला ओल आली एवढंच. तरी कागदावर नुकसान मालकाचं!

माझ्या माहितीतली एक बाई आहे, नवरा वारलेला, दोन पोरं, भाड्याच्या दोन खोल्यांत शिलाईकाम करून चालवत होती. 2021 ला पाणी छपराला लागलं. निवारा केंद्रातून परत आली तर मशीन चिखलात उपडी पडलेली, लोकांचे शिवायला आलेले ब्लाऊजपीस सगळे सडून गेलेले, ते पण भरून द्यायचे. तिचं रेशनकार्ड माहेरच्या गावचं, भाडेकरार कधी केलाच नव्हता कारण इकडं असल्या खोल्यांना करार कोण करतंय, लाईटबिल मालकाच्या नावाचं. यादीत नाव नाही म्हणून अनुदान नाही. गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं की ती तिथं राहते, यादी करणाऱ्याला पण माहीत होतं, तो बिचारा म्हणाला ताई मला पुरावा लागतो हो, मी काय करू. त्याची तरी चूक कशी म्हणायची, त्याला दिलेल्या फॉर्मवर तसा रकानाच नाही.

टपरीवाल्यांचंही तसंच. पूरग्रस्त टपरीधारकांसाठी मदत जाहीर झाली, पण अट काय, स्थानिक रहिवासी पाहिजे, मतदार यादीत नाव पाहिजे, रेशनकार्ड पाहिजे. म्हणजे दहा वर्षं त्याच चौकात वडापाव विकणारा माणूस, त्याचं मतदान गावाकडं असलं की तो पूरग्रस्त नाही. गॅसची शेगडी वाहून गेली ती कुणाच्या यादीत नाव आहे ते बघून गेली काय?

आता शेतीचं. आमच्याकडं वाट्यानं (पिकात हिस्सा देऊन) आणि खंडानं (ठराविक भाडं देऊन) दुसऱ्याची जमीन करणारे भरपूर आहेत. मालक पुण्याला नोकरीला, नाहीतर म्हातारा झालेला, नाहीतर सरळ परवडत नाही म्हणून दुसऱ्याला दिलेली. बियाणं, खत, मशागत, भांगलण सगळा खर्च वाटेकऱ्याचा किंवा निम्मा-निम्मा. सोयाबीन, भुईमूग, भाजीपाला पाण्यात आठ दिवस राहिला की जागेवर कुजतो, ऊसाच्या शेंड्यात गाळ बसला की तोही गेला. मदत येते हेक्टरी, केंद्राच्या निकषात जिरायतीला 8,500, बागायतीला 17,000, आणि ती जमा होते सातबारावरच्या खातेदाराच्या खात्यावर. काही मालक भले असतात, पैसे आले की वाटेकऱ्याला बोलावून देतात, मी असे बघितलेत. काही देत नाहीत. आणि जो देत नाही त्याला विचारायचा अधिकार वाटेकऱ्याला नाही कारण कागदावर तो कुठंच नाही, वर पुढच्या वर्षी जमीन मिळणार नाही ही भीती. मोबाईलवरून पिकाची नोंद करायची ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्याचा ओळख क्रमांक म्हणजे फार्मर आयडी आला, ते सगळं चांगलंच आहे पण सगळं सातबाराच्याच पायावर उभं आहे, म्हणजे कसणारा माणूस आणखीनच बाहेर गेला. पीकविम्यात दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यालाही भाग घेता येतो पण त्याला नोंदवलेला भाडेकरार लागतो, तो कोण करून देणार.

मालक कागद का करून देत नाही त्याचंही कारण आहे, ते समजून घेतल्याशिवाय नुसती टीका करून उपयोग नाही. 1 एप्रिल 1957 ला कुळकायद्यानं कसणारी कुळं जमिनीची मालक झाली, तो कायदा त्या काळात फार मोठं काम करून गेला. पण त्याची धास्ती घराघरात अजून आहे. सातबारावर सोडाच, साध्या वहीच्या कागदावर वाटेकऱ्याचं नाव लिहायला मालक घाबरतो, उद्या कूळ लागेल, म्हणजे तो जमिनीवर हक्क सांगेल म्हणून. आता यात वाटेकऱ्याचा काय दोष? त्याला जमीन नकोय, त्याला यावर्षी घातलेलं बियाणं-खत तरी परत पाहिजे.

आणि बायकांचा तर विषयच वेगळा. नवरा गेला, सातबारा अजून सासऱ्याच्या नावावर, वारसनोंद झालेली नाही, दिरांची संमती नाही, मग पैसे खात्याला लागतच नाहीत. गाई-म्हशींचं तसंच. निकषात दुभत्या जनावराला 37,500 आहेत, पण रात्रीत गोठ्यातून वाहून गेलेली म्हैस सापडलीच नाही तर पंचनामा कशाचा करणार?

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात सीना नदीनं जे केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं, परंड्यात लोकांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं, जमिनी खरडून नुसते दगड उरले. सरकारनं 31 हजार कोटींच्या वरचं पॅकेज जाहीर केलं, खरडलेल्या जमिनीला वेगळी मदत ठेवली, त्याचं स्वागतच आहे. जमीन खरडली ती मालकाचीच गेली, त्याचे पैसे त्यालाच मिळायला पाहिजेत यात वाद नाही. पण त्या जमिनीवरचं पीक ज्यानं उभं केलं होतं, आणि ज्या शेतमजुराचा पुढच्या चार महिन्यांचा रोजगार त्या पिकावर होता, त्याला काय?

माझं म्हणणं फार मोठं नाही. एक तर, मदत घरटी न देता चुलीवर द्या, एका छपराखाली तीन चुली असतील तर तीन कुटुंबं धरा, भाडेकरू असला तरी. पुरावा म्हणून शेजारच्या दोन घरांची सही आणि ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा शिक्का पुरे समजा. आमच्याकडं कुठली गल्ली किती फुटाला बुडते हे सगळ्यांना ठाऊक आहे, मग त्या गल्ल्यांमध्ये कोण राहतंय याची यादी मे महिन्यातच करून, चावडीवर लावून ठेवायला काय हरकत आहे, बोट पाठवतानाही तीच यादी कामाला येईल. आणि शेतीसाठी मालक-वाटेकरी दोघांच्या सहीचं एक साधं संमतीपत्र काढा, त्यावर स्पष्ट लिहा की या कागदानं कुळाचा कुठलाही हक्क लागत नाही, हा फक्त नुकसानभरपाईपुरता आहे, आणि तसा शासन निर्णय काढा म्हणजे मालकाची भीती जाईल. खोटे भाडेकरू उभे राहतील असं कुणी म्हणेल. राहतील काही, पण खोटे पंचनामे आत्ता होत नाहीत काय, म्हणून खऱ्या माणसाला उपाशी ठेवायचं हे काही उत्तर नाही.

जागतिक बँकेच्या मदतीनं कोल्हापूर-सांगलीच्या पुरासाठी कोट्यवधींचा प्रकल्प होतोय, पाणी वळवण्याचं, नाले-गटारांचं काम होणार असं वाचतो. होऊदे, लवकर होऊदे. पण ते होईपर्यंत मधे किती पावसाळे जाणार, आणि तोवर पंचनाम्याचा फॉर्म बदलायला कुठलं कर्ज लागत नाही.

तुमच्या वार्ताहरांना एक विनंती. यंदा पाणी आलं, येऊ नये पण आलं, तर निवारा केंद्रातल्या प्रत्येकाला एवढंच विचारा, घर तुमचं की भाड्याचं, शेत तुमचं की वाट्याचं, आणि महिन्याभरानं परत त्याच माणसांकडं जाऊन विचारा की पैसे आले का. ते आकडे छापा. आमदार-खासदारांना, पालकमंत्र्यांना आम्ही निवेदनं देऊन झालीत, पेपरात आलं की कलेक्टर ऑफिसला फोन जातो हे आम्हाला माहीत आहे.

आपला नियमित वाचक,
शिरोळ तालुका, जि. कोल्हापूर