साथीनंतरची मुंबई : आधी घर, मग रस्ता

संपादक महोदय,

महासाथीनंतर अर्थव्यवस्था कशी सावरावी, या चर्चेत आपल्याकडे बहुधा परदेशांचे दाखले दिले जातात. मुंबईने हा अनुभव सव्वाशे वर्षांपूर्वी स्वतः घेतला आहे, याची आठवण मात्र क्वचितच कोणी काढते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढच्या काही महिन्यांत शहरातील जवळपास निम्मी माणसे गावाकडे निघून गेली. गिरण्यांना कामगार मिळेनात. एरवी महिना उलटून कित्येक दिवस गेले तरी पगार न देणारे मालक तेव्हा रोजच्या रोज मजुरी देऊ लागले आणि जास्त दर देऊन एकमेकांचे कामगार ओढू लागले. वेळेवर पगार देणे अशक्य कधीच नव्हते, हे त्या महिन्यांनी सिद्ध केले. पण कामगार परतू लागले तशी थकबाकीची जुनी रीतही परतली.

पुढे १८९८ मध्ये सरकारने ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला. दाटीच्या वस्त्यांत हवा-उजेड यावा, हा त्याचा हेतू चांगला होता. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड आणि दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती ही त्याचीच देणगी आहे आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र रस्त्यांसाठी ज्यांच्या खोल्या पाडल्या गेल्या, त्या कष्टकऱ्यांना परवडतील अशी घरे त्या प्रमाणात बांधली गेली नाहीत. ते शेजारच्या चाळींत शिरले, तिथली गर्दी वाढली, भाडी चढली. नव्या वसाहतींचा लाभ मुख्यतः मध्यमवर्गाला झाला.

कामगार दुर्मीळ झाला की त्याची मजुरी कायद्याने दाबण्याचा मोहही जुनाच आहे. इंग्लंडमध्ये प्लेगच्या थैमानानंतर १३५१ साली मजुरी साथीपूर्वीच्या दरांवर गोठवणारा कायदा झाला, तरी पुढच्या काही दशकांत ती वाढलीच. आपल्याकडे २०२० मध्ये गुजरात सरकारने कारखान्यांत बारा तासांच्या पाळीला, तीही जादा कामाच्या दुप्पट दराविना, मुभा दिली. ती अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाला त्याच वर्षी रद्द करावी लागली.

मार्च २०२० नंतर मुंबई-नाशिक महामार्गावरून पोरेबाळे घेऊन चालत निघालेली कुटुंबे आपण सर्वांनी पाहिली. काम थांबताच भाडे थकणार आणि डोक्यावरचे छप्पर जाणार, ही धास्ती त्यांच्या पावलांमागे होती. जुलै २०२० मध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली, ती दिशा योग्यच होती. राज्य शासनाने आता याच धर्तीवर मुंबई महानगरात कामाच्या ठिकाणांजवळ भाड्याची घरे उभारावीत आणि पुनर्विकासाच्या प्रत्येक प्रकल्पात पोटभाडेकरूंचीही नोंद घेऊन, त्यांची पर्यायी सोय झाल्याशिवाय पाडकामाला परवानगी देऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, लालबाग, मुंबई